ज्यानं वाढलं त्याचं काम

आमच्याकडे पाहुण्या बायका आल्या की एक कौतुक हमखास व्हायचं. जेवायची वेळ झाली की माझे यजमान स्वयंपाकघरात येत, ताट घेत, पातेल्यातलं स्वतःच्या हातानं वाढून घेत आणि पाटावर जाऊन बसत. पाहुणी डोळे मोठे करून म्हणे, "नशीबवान आहात हो! आमच्याकडे पाण्याचा पेलासुद्धा हातात द्यावा लागतो." मी हसून पोळी लाटत राही. या सवयीमागचं कारण मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगते, कारण तेव्हा ज्यांची भीती वाटायची त्यांतलं कुणी उरलेलं नाही, आणि माझ्या जिभेला तसंही हाड नाही.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. नागपुरात रामदासपेठेत एका डॉक्टरांच्या बंगल्यामागच्या खोल्यांत आम्ही भाड्यानं राहत होतो. आम्ही म्हणजे मी, हे आणि आमची शाळेत जाणारी मुलगी. हे सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. साहेबांच्या हाताखाली नको त्या बिलांवर सह्या करायचा कंटाळा आला म्हणून नोकरी सोडली आणि सरकार दरबारी ठेकेदार म्हणून नाव नोंदवलं. एखाद्या शाळेची कंपाउंडची भिंत, एखाद्या रस्त्याखालची मोरी, अशी किरकोळ कामं घेत. घर चालत होतं, आणि रात्री शांत झोप लागत होती.

मग त्या नाल्यावरच्या पुलाचं काम निघालं.

यांचं गाव मौद्याच्या पलीकडे. गावाआधी नाला, आणि नाल्यावर नुसता रपटा, म्हणजे पात्रातूनच जाणारा बुटका दगडी रस्ता. पाऊस झाला की पाणी रपट्यावरून वाहायचं आणि गाव तुटायचं. रपटा दर एक-दोन वर्षांनी वाहून जाई, दर वेळी नवा बांधला जाई आणि पुन्हा वाहून जाई. माझ्या सासूबाई त्या नाल्याकाठीच गेल्या, बैलबंडीत, पाणी उतरायची वाट पाहत. हे तेव्हा बंडीच्या जुवाशी बसून होते. मी सासूबाईंना पाहिलेलं नाही, पण या घरात आल्यापासून तो नाला मला पाठ होता. पुलाचं टेंडर निघाल्याचं कळलं त्या दिवशी यांना घास गोड लागला नाही. म्हणाले, "हे काम मीच करणार. उद्याच्या पुरात जाणार नाही असं."

टेंडर म्हणजे प्रत्येक ठेकेदारानं आपला दर बंद पाकिटात टाकायचा, पेटी सर्वांसमोर उघडायची आणि ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम. कागदावर सगळं इतकं सरळ होतं. पण बड्या ठेकेदारांनी आपसांत रिंग केलेली होती. कुठलं काम कुणी घ्यायचं ते पेटी ठेवायच्या आधीच ठरलेलं असे. ज्याची पाळी तो चढा दर भरी आणि बाकीचे त्याच्याहून चढा. मग सर्वांत कमी दर आपोआप त्याचाच. सरकारला वाटे, चांगली चुरस झाली. अशा संगनमताला आवर घालायला दिल्लीत कायदा झालाय, असं हे पेपर वाचून सांगत. मी म्हणे, दिल्लीचा कायदा काटोल रोडवर कोण आणून देणार? काटोल रोड म्हटलं, कारण रिंग तिथं जमायची.

रिंगमधल्या सगळ्यांत मोठ्या ठेकेदाराची तिथं संत्र्याची बाग होती. लहानथोर त्यांना काकाजी म्हणत. पांढरंशुभ्र धोतर, हळू आवाज. मला माणूस ओरडला की भीती वाटत नाही. हळू बोलला की वाटते. काकाजींचं निमंत्रण आलं, बागेत रोडगे केलेत, सहकुटुंब या. धंद्यातल्या नव्या माणसानं नाही म्हणण्यासारखं ते नव्हतं. हे म्हणाले, "जाऊ, जेवू, येऊ. दर मी माझाच भरीन."

गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे जाड रोडगे, वरण, वांग्याची भाजी आणि वर तूप. बागेच्या कडेला चिंचेचं मोठं झाड होतं, त्याच्या सावलीत पुरुषांची पंगत बसली. बायकांची बसायची सोय थोडी अलीकडे केली होती. पत्रावळी मांडल्या, रोडगे फोडून ठेवले, वरणाची बादली पंगतीच्या तोंडाशी आणून आचारी बाजूला झाला. आणि पुढे काहीच होईना. कुणी वाढायला उठेना. काकाजी पंगतीवरून नजर फिरवत होते. वाफ निघून चालली होती.

माझ्या यजमानांना लहानपणापासून वळण असं, की पंगतीत थोरली माणसं ताटकळली तर धाकट्यानं उठावं. ते उठले. बादली उचलली, पळी घेतली आणि काकाजींपासून वाढत गेले. "घ्या काकाजी. अजून घ्या, रोडगा कोरडा आहे." अगदी घरच्यासारखा आग्रह. मला बरं वाटलं. शेजारी एका ठेकेदाराची बायको बसली होती, तिच्याकडे पाहून मी हसले. ती हसली नाही. तिचा चेहरा उतरला होता.

"तुमच्या घरच्यायनं घेतलं काय वं ते पुलाचं काम?" तिनं हळूच विचारलं.

"नाही बाई. काहून?"

"मग वाढून काहून राहिले ते?"

तेवढ्यात पंगतीतून एक आडव्या बांध्याचा माणूस भरल्या पत्रावळीवरून उठला, रोडग्याला हातही न लावता हात धुतले, आणि जीप सुरू करून निघून गेला. बाकीचे काकाजींकडे पाहत राहिले. काकाजींनी रोडगा कुस्करला, वरणात कालवला आणि पहिला घास घेतला. मग सगळे जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी स्वतः आमच्या दारात. हातात संत्र्यांची करंडी. मी चहा ठेवला आणि दाराआड उभी राहिले.

"तुमाले आमची रीत मालूम नोती, हे मी समजलो," काकाजी म्हणाले. "आमच्यात तोंडानं कोणी काम मागत नाही गा. ज्याले काम पायजे तो पंगतीत वाढते. ज्यानं वाढलं त्याचं काम. आन् ज्यायनं खाल्लं त्यायची कबुली. काल पाळी दुसऱ्याची होती, तो नाराज झाला. पण वाढलं तुमी, खाल्लं आमी. आता पूल तुमचा. दर मी सांगतो तो भरा, बाकीचे त्याच्यावर भरतील."

त्यांनी दर सांगितला. यांच्या हिशेबापेक्षा तो किती वर होता हे मला यांच्या मानेवरूनच कळलं. काकाजी उठले. "पुढं दुसऱ्याची पाळी आली का तुमी बसून खायचं. एवढंच. सूनबाई, चहा चांगला झाला." यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, नमस्कार केला.

मी तर घाबरून गेले होते. जे काम मिळावं म्हणून यांचा जीव तुटत होता ते आयतं पदरात पडलं होतं, आणि तेही चुकून, एका पळीभर वरणानं! घेतलं तर जन्माचे त्यांचे. नाकारलं तर काय, ते मला नीट माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्याचीच भीती जास्त होती. मी विचारलं, काय करणार? हे म्हणाले, "माझा दर मले मालूम आहे."

पेटी उघडली तेव्हा ऑफिसात साहेबांनी एकेक दर मोठ्यानं वाचला. हे घरी येऊन सांगत होते. काकाजींचा, जीपवाल्याचा, आणखी कुणाकुणाचा, सगळे दर वर, एकमेकांना चिकटून. आणि यांचा कुठल्या कुठे खाली. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "काय हो, तुम्हाला आणि यांना गिट्टी वेगवेगळ्या भावानं मिळते का?" कुणी हसलं नाही. सगळ्यांचे दर त्या एका दरानं उघडे पाडले होते. बाहेर आल्यावर काकाजींनी यांचा हात हातात घेऊन हळूच दाबला आणि म्हणाले, "आमचं खाऊन?"

काम यांचं झालं. आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं ते तेव्हापासून.

कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड मारला नाही. एवढंच झालं की पुलाला लागणारी खडी, आमच्याकडची गिट्टी, मिळेना. ज्या खाणीवर हे जात तिथं गिट्टीचे ढीग पडलेले असत आणि मालक म्हणे, माल नाही. ट्रकवाले म्हणत, गाडी बिघडली आहे. जुना मिस्त्री आजारी असल्याचं सांगून घरी बसला आणि दोनच दिवसांनी मला सीताबर्डीवर धडधाकट दिसला. पावसाळ्याआधी पाया वर आला नाही तर सरकार काम काढून घेणार, आणि मग ते कुणाकडे जाणार हे सांगायला नको. यांनी गावाकडे निरोप धाडला. गावातली माणसं म्हणाली, आपल्या पुलाचा दगड आपण फोडू, बंड्यांनी आणू. रोज थोडाथोडा दगड येऊ लागला. हे उन्हानं काळे पडले होते आणि मजेत होते. मी नव्हते. बंड्या मोजून पूल होत नाही एवढं ठेकेदाराच्या बायकोला कळतं.

आणि ती जीप. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली चहाची टपरी होती, तिथं ती येऊन उभी राहू लागली. आडव्या बांध्याचा तो माणूस बाकावर बसून चहा पीत असे आणि आमच्या दाराकडे पाहत असे. मी भाजी आणायला निघाले की हात जोडून म्हणे, "नमस्कार वहिनी." बास. एवढ्यासाठी पोलिसात काय सांगणार? माणूस नमस्कार करतो म्हणून?

एका दुपारी मुलगी शाळेतून आली ती संत्र्याच्या फोडी खात.

"कोणी दिलं वं हे?"

"जीपवाल्या काकानं. त्यायले माह्या वर्गाचं नाव मालूम आहे आई. माह्या बाईचं पण."

मी तिच्या हातातली फोड हिसकली, गटारात फेकली आणि तिचं तोंड, हात, बोटांच्या बेचक्यासुद्धा साबणानं धुतल्या. ती रडायला लागली. मलाही रडायचं होतं, पण मी पुन्हा साबण घेतला आणि तिची बोटं पुन्हा धुतली. त्या दिवसापासून मी तिला स्वतः शाळेत सोडायला आणि आणायला जाऊ लागले. रस्ताभर जीपचा आवाज आला की मी तिला भिंतीकडच्या बाजूला घेई. झोपेत दचकून उठे आणि आधी तिच्या नाकाशी बोट धरून पाही. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "भेव दाखवून राहिले फक्त." फक्त! मी म्हटलं, दाखवलेलं दिसतंय की मला. मी काय आंधळी आहे?

उन्हाळा तापला होता, पाया अजून नाल्याच्या तळाच्या बरोबरीलाही आला नव्हता, आणि काकाजींचं पुन्हा निमंत्रण आलं. कुठल्याशा दुसऱ्या कामाचे रोडगे. 'सूनबाईला जरूर आणा' असा निरोप होता.

"आपण जायचं नाही," मी म्हटलं.

"नाही गेलो तर भ्यालो असं होईल."

"मग भ्यालोच आहोत ना आपण!"

"तू भ्याली," हे शांतपणे म्हणाले, आणि धुतलेला सदरा मागितला. असा राग आला मला, की सदऱ्याची बटणं मी उलटीसुलटी लावून दिली.

तीच बाग, तेच चिंचेचं झाड. या वेळी पाळी जीपवाल्याची. पत्रावळी मांडल्या आणि तो बादली घेऊन उठला. काकाजींना वाढलं, त्यांच्या शेजाऱ्याला वाढलं, असं करत यांच्यापाशी आला आणि पुढच्या पत्रावळीकडे गेला. आधी मला वाटलं, चुकलं असेल. मग तो भाजी घेऊन आला आणि पुन्हा यांना गाळून गेला. तूप घेऊन आला, पुन्हा गाळलं. दोन्हीकडचे लोक कालवून जेवायला लागले. हे मधे बसलेले, ताठ, हात मांडीवर, पुढ्यात हिरवी रिकामी पत्रावळ. भरल्या पंगतीतून उठून जाणं यांच्या वळणात बसत नव्हतं आणि रिकाम्या पत्रावळीवर बसणं कुठल्याही माणसाच्या.

मागच्या वेळी बोलली होती तीच बाई माझ्या कानाशी आली. "पान रिकामं ठेवलं म्हणजे माणूस उठवला धंद्यातून. मागं एकाचं असंच ठेवलं होतं."

"मग?"

"मग काय वं. तो दिसला का तुले कधी नागपुरात?"

मुलीला मी त्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे ठेवून आले होते. ती तिथं आहे ना, एवढंच मनात येत राहिलं. आणि त्या भीतीच्या तळाशी कुठंतरी काकाजींचेच शब्द सापडले. ज्यानं वाढलं त्याचं काम. ज्यायनं खाल्लं त्यायची कबुली. वाढणारा पुरुषच हवा असं ते म्हणाले नव्हते.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. वरणाची बादली पंगतीच्या तोंडाशी होती. ती उचलली तेव्हा कडी तापलेली होती आणि मी पदर गुंडाळायलाही विसरले. पुरुषांच्या पंगतीत बाई शिरली म्हणून लोकांचे हात थांबले. मी काकाजींसमोर जाऊन उभी राहिले.

"काकाजी, वरण?"

त्यांनी वर पाहिलं. सगळं त्यांना कळलं. त्यांनी उजवा हात पत्रावळीवर आडवा धरला, नको म्हणताना आपण धरतो तसा. जीपवाला तुपाचं भांडं घेऊन जागीच उभा होता. माझा तळवा भाजत होता. बादली खाली ठेवली असती तर पुन्हा उचलता आली नसती.

"सुनेच्या हातचं नको म्हणता?" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मले सूनबाई म्हणता ना तुमी? का ते नुसतं चहापुरतं?"

काकाजींचा हात तसाच होता. बोटातल्या अंगठीवर माशी बसली तरी हलला नाही. मग त्यांच्या गळ्यातून हसण्यासारखं काहीतरी आलं आणि तो हात हळूहळू बाजूला झाला. मी वाढलं. अर्धं पत्रावळीवर पडलं, अर्धं धोतरावर. त्यांनी कालवलं आणि घास घेतला.

मग मी थांबले नाही. ओळीनं वाढत गेले. काकाजींनी खाल्लेलं सगळ्यांनी पाहिलं होतं, कुणाचा हात आडवा आला नाही. जीपवाल्यालाही काकाजींनी डोळ्यानं बसवलं. त्याच्या पत्रावळीवर वाढताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही. शेवटी यांच्यापाशी आले. रोडगा ठेवला, वरण ओतलं, जास्तच ओतलं. हे माझ्याकडे पाहत होते. ती नजर मला तेव्हा वाचता आली नाही.

"पुलाचं काम यायचं," काकाजी यांच्याकडे बोट करून पंगतीला ऐकू जाईल इतपत म्हणाले. "गिट्टी जाऊ द्या. हे एवढं एकच काम."

मी परत बायकांत येऊन बसले, तळवा ओल्या मातीत दाबून धरला, आणि मग पंगतीकडे नजर गेली. सगळे जेवत होते. यांची पत्रावळ मी वाढली होती तशीच होती. घास मोडलेला नव्हता.

स्कूटरपाशी आल्यावर हे बोलले. "काहून उठली वं तू?"

"तुमचं पान रिकामं मले पाहवत नोतं."

"रिकामं होतं तोवर मी त्यायचा नोतो."

"आन् पोरगी? तिच्या बाईचं नाव मालूम आहे त्यायले! पूल बांधाले तुमी जिते तरी पायजे का नाही?"

यांनी स्कूटरला किक मारली. रस्ताभर मी यांच्या पाठीमागे बसून रडले, भाजलेला हात वर धरून.

दुसऱ्याच दिवशी गिट्टीचे ट्रक नाल्यावर येऊन उभे राहिले. मिस्त्री बरा झाला. कडुनिंबाखालची जीप दिसेनाशी झाली. पाया पावसाआधी वर आला, पुढच्या वर्षी पूल झाला, आणि त्यानंतर यांनी एकही टेंडर भरलं नाही. एका कारखान्यात बांधकामावर देखरेखीची नोकरी धरली. मी केलं ते पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. भ्यालेल्या बाईनं काय करायचं असतं हे मला कुणी शिकवू नये.

पण बागेतून परतलो त्या दिवशीचं राहिलं. हे सकाळपासून उपाशी होते. दिवेलागणीला मी डाव्या हातानं कसंबसं वरण-भात केला, पाट मांडला, ताट ठेवलं. हे येऊन बसले. मी पळी भरून ताटाजवळ नेली, तेव्हा यांनी ताटावर हात आडवा धरला. मी थांबले. काकाजींनी हात काढला होता, म्हणून मी वाट पाहिली. पळीतून वरण ठिबकत होतं. यांनी हात काढला नाही.

मग मी पळी पातेल्यात ठेवली आणि पातेलं यांच्याकडे सरकवलं.